पाव फेरा

“दर रविवारी आवळायचे. सहाच्या सहा बोल्ट, एकेकाला पाव फेरा. जास्त नाही, कमी नाही, आणि राहून गेलं असं तर कधी होऊ द्यायचं नाही.”

वडिलांनी हे सांगितलं तेव्हा बाइंडर तीस वर्षांचा होता आणि गाडी तीन. आता तो पंचावन्नचा झाला होता, गाडी अठ्ठाविसाची, आणि वडील जाऊन नऊ वर्षं लोटली होती. तरी रविवारी सकाळी गाडीचं बोनेट उघडलं की तो आवाज कानाशी हजर. वडीलही पुस्तकं बांधायचे. बांधलेली चवड शिकंजाच्या दोन फळ्यांत घालून मळसूत्र आवळलं की तासाभराने कागद बसतो, मग पुन्हा पाव फेरा द्यावा लागतो. गाडीचंही तसंच आहे, असं ते सांगत. इंजिनाच्या माथ्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं, सहा बोल्टांनी आवळलेलं. आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून झाकणाखाली एक पट्टी बसवतात. दुकानात तिला गॅस्केट म्हणतात, गल्लीच्या टोकाचा मिस्त्री पॅकिंग म्हणायचा. कॉर्कची ती पट्टी हळूहळू बसत जाते, म्हणून रविवारचा पाव फेरा. बाइंडरने तो नेम कधी चुकवला नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी रविवार होता, तेव्हाही तो नवे कपडे घालण्याआधी बोनेटखाली वाकून आला होता.

पंचवीस वर्षं त्या पट्टीतून थेंब गळला नाही. गेल्या वर्षी गळायला लागला, आणि असा काही गळायला लागला की बाइंडरच्या नाकी नऊ आले.

बांधणीच्या खोलीत पुठ्ठ्याच्या कापट्यांना तोटा नव्हता. संध्याकाळी गाडी दाराशी लावली की तो इंजिनाखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी चहाच्या आधी तो काढून बघायचा. थेंब किती, केवढे, कुठल्या बाजूला. “लोक सकाळी उठून आरशात तोंड बघतात,” बायको म्हणाली, “आमच्याकडे पुठ्ठा बघतात.” तिचं काही चुकत नव्हतं. पुठ्ठा कोरा निघाला तर घरात दिवस बरा जायचा, डाग निघाला तर त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडायचं, सुई बोथट असायची आणि गिऱ्हाइकं मुद्दाम वाकड्यात शिरायची.

मिस्त्रीने पहिली पट्टी बदलली तेव्हा दोघांनीही फार मनावर घेतलं नाही. जुनी वस्तू, जुनी पट्टी. चार दिवस पुठ्ठा कोरा राहिला, पाचव्या दिवशी डाग. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने पट्टीला वरून चिकट लेप लावला. तिसऱ्या वेळी त्याने दुकानदाराला शिव्या घातल्या आणि बोल्टांखालच्या चकत्या बदलल्या. चौथी पट्टी बाइंडरने स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोठ्या दुकानातून आणली आणि लहान बाळ आणावं तशी मांडीवर ठेवून आणली. ती सहाव्या दिवशी गळायला लागली. गळलेलं ऑइल खालच्या तापल्या नळीवर पडे, त्याचा धूर आत येई आणि गाडीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला जळकट वास लागे. एका वकिलाने बांधून आलेले कायद्याचे खंड हातात घेतले, नाक मुरडलं आणि आगीच्या खटल्यातला पुरावा चुकून आपल्याकडे आलाय का, असं शांतपणे विचारलं.

बाइंडर आणि मिस्त्री यांच्यात मग रोज जुंपायला लागली. बाइंडरचं म्हणणं, वडिलांच्या वेळी असं नव्हतं. मिस्त्रीचं म्हणणं, वडिलांच्या वेळी गाडीही तरणी होती. बाइंडर म्हणे, रबरी पट्टीत दम नाही, कॉर्कचीच आणा. मिस्त्री म्हणे, या गाडीसाठी कॉर्क आता कोणी करत नाही, गेल्या वर्षापासून रबरच मिळतं आणि रबर कॉर्कपेक्षा चांगलं. “मग गळतं का?” या प्रश्नावर मात्र मिस्त्री तांब्याच्या तारेने बांधलेला आपला चष्मा काढून पुसत बसे. तो चाळीस वर्षं हेच काम करत होता. इंजिनाने आपल्याशी असं वागावं याचा त्याला मनापासून अपमान वाटत होता, आणि बाइंडर समोर आला की तो अपमान बाइंडरवर निघत होता.

गाडी विकून टाका, असं बायको कधी म्हणाली नाही. दुसरं कोणी म्हणालं तर बाइंडर त्याच्याशी महिनाभर बोलत नसे, हे तिला ठाऊक होतं. शिवाय आता त्या गाडीवर एक माणूस अवलंबून होतं.

ते माणूस म्हणजे बाइंडरची थोरली बहीण, ताई. डोंगरापलीकडच्या गावात तिने तीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर तिथेच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहिली. वसंतात बाइंडरने तिला कबूल केलं होतं, महिनाभर राहायला ये, मी न्यायला येतो. तेव्हा तो चढावरच्या पहिल्या वळणावरून परत फिरला, कारण गाडीत इतका धूर झाला की त्याला पुढचा रस्ता दिसेना. मग ताई जिन्यात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिच्या उशाशी असेन, असा शब्द त्याने दिला. त्या सकाळी गाडीने चढाच्या पायथ्याशीच हात टेकले. ओढून नेणारं वाहन मिळेपर्यंत दुपार झाली. दुसऱ्या दिवशी तो बसने पोचला, बाहीला काळं ऑइल लागलेलं, हातात काहीच नाही. ताईने आपल्या ऑपरेशनच्या कागदावर आपणच सही केली होती. ती त्याला म्हणाली, “झालं सगळं नीट. तू काही खाल्लंस का बारक्या?” ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता तिला शनिवारी घरी सोडणार होते. पाय सहा आठवडे सरळ ठेवायचा, बसायचं नाही, जिना तर अजिबात नाही. दोनच वाटा होत्या. एक, रुग्णालयाच्या मागच्या बाजूला चालवतात त्या निराधारांच्या घरात खाट घ्यायची. त्यांचा अर्ज ताईच्या उशीखाली येऊन पडला होता आणि एकदा त्या घरात गेलेली माणसं सहसा परत आपल्या खोलीत येत नाहीत हे तिने नोकरीत पाहिलेलं होतं. दुसरी वाट म्हणजे भावाचं घर. त्यासाठी गाडी हीच हवी, कारण वडिलांनी लांब पुठ्ठे मावावेत म्हणून पुढच्या सीटला बिजागऱ्या लावून ती मागे पूर्ण आडवी पडेल अशी सोय केली होती. रुग्णवाहिकेचं नाव काढलं की ताई फोनवरच हसायची. आयुष्यभर तिच्यात बसून दुसऱ्यांना आणलं, आता मला कोणी तसं आणायचं नाही, एवढंच बोलायची, आणि त्यापुढे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

“या वेळी कबूल करू नकोस,” ती म्हणाली होती. “जमलं तर ये.”

“शनिवारी अकरा वाजता गाडी दाराशी असेल.”

“बरं,” ताई म्हणाली. “मग अकरापर्यंत सही करत नाही.”

बायकोने बांधणीच्या खोलीतलं मोठं टेबल भिंतीला सरकवलं, खिडकीपाशी खाट लावली आणि खळीचा वास जावा म्हणून दोन दिवस दार उघडं टाकलं. मिस्त्रीने बुधवारी पाचवी पट्टी बसवली. गुरुवारी पुठ्ठा कोरा निघाला. शुक्रवारी सकाळी त्यावर बोटाएवढे दोन डाग होते.

बाइंडर किती तरी वेळ तो पुठ्ठा हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने तो गुडघ्यावर मोडला, तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले आणि आपल्याला पुठ्ठा हातानेही किती सरळ फाडता येतो हे बघून त्याला आणखीच संताप आला. बायको दारात आली, तिने तुकडे बघितले आणि आत गेली. बाहेर आली ती गाडीची किल्ली घेऊन. “शनिवार उद्या आहे,” ती म्हणाली. “आज अजून सबंध शिल्लक आहे. जा मिस्त्रींकडे.”

मिस्त्रीने त्याला लांबूनच बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला. बाइंडरने तोंड उघडलं. गेल्या आठ महिन्यांत साठलेलं सगळं त्या तोंडातून बाहेर पडलं. पट्ट्या, दुकानदार, लेप, चकत्या, वकील, धूर, चढ, ऑपरेशन. तोवर मिस्त्रीने बोनेट उघडलं होतं. तो वाकून बोल्टाला पाना लावून उभा होता, आणि बोल्ट हलत नव्हता. त्याने दुसरा हात लावला. मग खांदा लावला. बोल्ट कुरकुरून सुटला तेव्हा मिस्त्री सरळ झाला.

“परवा मी हे सहाही दोन बोटांनी आवळले होते,” तो म्हणाला. “आज खांदा लावावा लागला. कोणी हात लावला?”

“मी.”

“कधी?”

“आज सकाळी.”

“आणि काल?”

“कालही.” बाइंडरला प्रश्नाचा रोख कळेना. “आधी दर रविवारी लावायचो. गळायला लागल्यापासून रोज लावतो. पाव फेरा, एकेकाला. एक दिवस चुकवलेला नाही.”

शेवटचं वाक्य त्याने जरा मान वर करून म्हटलं. मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला. आठ महिन्यांत हे आपल्याला सांगावंसं का वाटलं नाही, असं त्याने विचारलं तेव्हा बाइंडर गोंधळला. त्यात सांगण्यासारखं काय होतं? रोज दात घासतो हे कोणी डॉक्टरकडे जाऊन सांगत नाही.

मिस्त्री मग हळू आवाजात बोलला, जसा तो एरवी फक्त इंजिनांशी बोलायचा. कॉर्क बसत जातं, त्याला आवळावंच लागतं, तुमच्या वडिलांनी सांगितलं त्यात तिळमात्र चूक नव्हती. रबर बसत नाही. त्याला जास्त दाबलं की ते जागा सोडून बाजूला पळतं. आणि वरचं झाकण पडलं पत्र्याचं. बोल्टापाशी ते खाली खाली जातं, दोन बोल्टांच्या मधे वर उचललं जातं, आणि तिथून ऑइल वाट काढतं. “तुम्ही गळती थांबवायला आवळत होता,” तो म्हणाला, “आणि आवळल्यामुळे गळत होतं. मी बापडा दर वेळी पट्टीच बघत बसलो. झाकण पुसलं आणि पुन्हा ठेवलं.”

बाइंडरला आपल्या उमेदवारीतलं एक पुस्तक आठवलं. मळसूत्राला त्याने हौसेने जास्तीचा फेरा दिला होता, आणि सकाळी उघडलं तर खळ शिवणीतून बाहेर येऊन पानं एकमेकांना चिकटलेली. वडिलांनी ते पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. म्हणजे त्याला हे ठाऊक होतं. हाताला ठाऊक होतं. ताई रुग्णालयात एकटी पडून सही करत होती तेव्हा गाडी ज्या हाताने बंद पाडली, तो हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. रोज सकाळी, न चुकता, इतकं मन लावून.

“दुसरं झाकण?” त्याने विचारलं.

ते आठवडाभराने मिळालं असतं. मिस्त्री म्हणाला, हेच सरळ करून बघू, पण सपाटी तपासायला माझ्याकडे काही नाही. बाइंडर म्हणाला, माझ्याकडे आहे.

तासाभराने दोघं बांधणीच्या खोलीत, ताईच्या खाटेपलीकडे उभे होते. खळ फासायची जाड काच बायकोने धुऊन पुसून टेबलावर ठेवली होती. मिस्त्रीने झाकण काचेवर ठेवून आत विजेरी लावली आणि बायकोने खिडकी लावून घेतली. झाकणाच्या कडेखालून उजेडाच्या फटी दिसल्या. दर दोन बोल्टांच्या मधे एक, पातळ चंद्रकोरीसारखी. बायको म्हणाली, तुमचे रविवार दिसतायत सगळे. मग तिलाच ते लागलं असावं, कारण ती लगेच चहा ठेवायला गेली.

झाकण लाकडी ठोकळ्यावर पालथं घालून मिस्त्रीने दोन ठोके दिले आणि थांबला. त्याचा हातोडा जड होता, पत्रा दुसरीकडे वाकत होता. बाइंडरने न विचारता आपला हातोडा घेतला. पुस्तकाची पाठ गोल करायचा, रुंद तोंडाचा, हलका. त्याने तीन बोटांत दांडा धरून कडेकडेने टकटक सुरू केली. दहा ठोके, मग काच, मग विजेरी. पुन्हा दहा ठोके. मिस्त्री वाकून फटी मोजत होता आणि मधेमधे “बस” म्हणत होता, आणि बाइंडर खरोखरच त्या शब्दावर थांबत होता. दुपार कलेपर्यंत हे चाललं. चहा दोनदा निवला. शेवटी उजेडाची एक केसाएवढी रेघ फक्त मागच्या कोपऱ्यात उरली. तेवढी रबर सांभाळून घेईल, असं मिस्त्री म्हणाला. सहावी पट्टी त्याच्या खिशातच होती. बुधवारीच दोन आणून ठेवल्या होत्या. “तुम्ही येणार हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “का येणार तेवढं माहीत नव्हतं.”

गाडीवर झाकण बसवताना त्याने पाना बाइंडरच्या हातात दिला. दांड्याच्या टोकाला नाही, बोल्टाजवळ धरायला लावला, दोन बोटांत. मी थांबा म्हणेन तिथे थांबायचं. सहाही वेळा त्याने थांबा म्हटलं ते बाइंडरला फार लवकर वाटलं. इतक्या सैल बोल्टावर माणूस डोंगर चढतो, हे त्याच्या मनाला पटेना. काम झाल्यावर मिस्त्रीने हात पुढे केला.

“पाना माझ्याकडे ठेवा. महिनाभर.”

“तो वडिलांचा आहे.”

“म्हणूनच म्हणतो.”

बाइंडरने पाना दिला नाही. पण बोल्टाला पुन्हा लावणार नाही, असा शब्द दिला. तुमच्या शब्दाची मला काळजी नाही, मिस्त्री म्हणाला, तुमच्या सवयीची आहे. आणि जाता जाता सांगून गेला, आत सांडलेलं जुनं ऑइल अजून एखाद-दोन थेंब टाकेल, त्याने घाबरून जायचं नाही.

शनिवारी उजाडताना बाइंडर उठला तेव्हा बायको आधीच उठून घोंगडी आणि दोन उशा गाडीत ठेवून आली होती. पुढची सीट आडवी पाडली होती. बाटलीत पाणी भरून ठेवलं होतं. गल्लीत अजून कोणी नव्हतं. त्याने वाकून पुठ्ठा ओढला.

पुठ्ठ्यावर एक डाग होता. मसुराएवढा.

जुनं ऑइल असेल. नवंही असेल. डागावर काही लिहिलेलं नसतं. साडेचार तासांचा रस्ता, मधे तोच चढ, त्यावरचं तेच पहिलं वळण. त्याने बोनेट उघडलं. उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशात गेला आणि त्याला पाना लागला; आदल्या संध्याकाळपासून तो तिथेच होता. तो गार होता. राहून गेलं असं कधी होऊ द्यायचं नाही, कानाशी आवाज आला, आणि गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या आवाजाचा राग आला. मग लगेच वाईट वाटलं. वडील आज असते तर त्यांनीच काचेवर झाकण ठेवून बघितलं असतं. त्यांनी नेम सांगितला तो गाडी चालावी म्हणून. गाडी कशासाठी, हेही त्यांनीच ती बिजागरी लावून सांगून ठेवलं होतं.

त्याने पाना बाहेर काढला आणि आत बांधणीच्या खोलीत जाऊन शिकंजाच्या माथ्यावर ठेवला. परत आल्यावर सहाही बोल्टांना एकदा नुसतं बोट लावलं, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. बोट कोरडं निघालं. कोपऱ्यात जरा तेलकट वाटलं, ते त्याने सदऱ्याला पुसलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने पाना कुठे आहे असं विचारलं नाही, तिने तो ठेवताना बघितला होता.

“ताईंना सांगा, खिडकीपाशी खाट लावलीय,” ती म्हणाली. “आणि वळणावर थांबू नका उगाच, बघायला.”

“नाही थांबत.”

बोनेट त्याने आपटलं नाही, हाताने दाबून बसवलं. मग गाडीत बसून ब्रेक सोडला. गल्ली उताराची होती. इंजिन सुरू न करताच गाडी घरंगळत मिस्त्रीच्या बंद दारावरून पुढे गेली आणि कोपऱ्यावर त्याने किल्ली फिरवली.